फीत भांडार, संगणकीय

संगणकाने लिहिलेली माहिती ज्या चुंबकीय फितींवर साठविलेली असते, त्या फिती क्रमवार ठेवण्याची, मागणी येताच वाचनयंत्रावर चढविण्याची व काम संपल्यावर परत जागच्या जागी ठेवण्याची जी व्यवस्था असते, तिला फीत भांडार म्हणतात. प्रारंभी ही व्यवस्था म्हणजे एक थंड खोली, लोखंडी मांडण्या आणि पाळीवर काम करणारे काही कर्मचारी एवढीच होती. पुढे त्या खोलीची जागा यांत्रिक हात असलेल्या बंद कपाटाने घेतली. या स्थित्यंतराचा इतिहास बहुधा फितीच्या वाढत्या धारणक्षमतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खरा असला, तरी अपुरा आहे. ग्रंथालयातील पुस्तक उघडून चाळले, की ते कोणते आहे हे कळते. फीत मात्र भरलेली असो वा कोरी, डोळ्यांना सारखीच दिसते. त्यामुळे हाती आलेली फीत मागितलेलीच आहे हे कशावरून ओळखावयाचे आणि तिच्यावर लिहिण्याचा किंवा ती पुसण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न भांडाराच्या मुळाशी राहिले आहेत. पहिल्यातून माध्यमाच्या ओळखीची, तर दुसऱ्यातून भांडाराच्या विभाजनाची तंत्रे निर्माण झाली. जिची ओळख हरवली ती फीत शाबूत असूनही निरुपयोगी ठरते. जिची ओळख चुकली ती पुसली जाण्याचा संभव असतो.

पूर्वेतिहास : डॅनिश अभियंते व्हाल्डेमार पाउल्सेन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर ध्वनीचे चुंबकीय अभिलेखन करून दाखविले. कागदी पट्टीवर चुंबकीय चूर्णाचा थर देऊन फीत बनविण्याची कल्पना जर्मनीत फ्रिट्स प्फ्लॉइमर यांनी १९२८ साली पुढे आणली. ही साधने ध्वनीसाठी होती. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाला १९५१ साली मिळालेल्या यूनिव्हॅक-१ या संगणकाबरोबर फीत व्यावसायिक गणनकार्यात आली. त्याच्या यूनिसर्व्हो यंत्रातील फीत निकेलचा मुलामा दिलेल्या फॉस्फर ब्राँझ या मिश्रधातूची असून तिच्या एका इंच लांबीत १२८ अक्षरे लिहिली जात. पुढील वर्षी आय. बी. एम. कंपनीने आपल्या ७०१ या संगणकासाठी ७२६ हे फीत यंत्र जाहीर केले. त्यात हलकी प्लॅस्टिकची फीत वापरली होती व झटक्याने सुरू होताना अथवा थांबताना ती तुटू नये म्हणून तिचा सैल वेढा निर्वात स्तंभात खेचून धरण्याची युक्ती योजिली होती. या दोन्ही फितींची रुंदी अर्धा इंच म्हणजे सु. १·२७ सेंमी. होती. सत्तरहून अधिक वर्षे लोटल्यावरही भांडारांतील बहुतेक फितींची रुंदी तेवढीच आहे, ही या तंत्रविद्येतील एक नवलाची गोष्ट होय.

आय. बी. एम. ने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणक मालिकेबरोबर नऊ मार्गांची फीत रूढ झाली. सु. २६·७ सेंमी. व्यासाच्या रिळावर २,४०० फूट (सु. ७३० मी.) फीत हे रूप पुढील वीस वर्षे जगभरच्या संगणक कक्षांत दिसत असे. भारतातही ते परिचित होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० संगणकाला फीत यंत्रे जोडलेली होती. तसेच हैदराबादजवळील शादनगर येथे १९७९ पासून लँडसॅट उपग्रहांकडून घेण्यात येऊ लागलेली माहिती उपयोजकांना संगणकीय फितींवरच पुरविली जात असे.

मनुष्यचालित भांडार : रिळांच्या काळात भांडाराचा कारभार ज्याच्याकडे असे, त्याला ग्रंथपालाच्या धर्तीवर फीतपाल म्हणता येईल. संगणकाला एखादी फीत हवी झाली, की चालकाच्या टंकयंत्रावर तिचा क्रमांक उमटे. चालक तो क्रमांक घेऊन मांडणीकडे जाई, रीळ काढून आणी व यंत्रावर चढवी. रिळाच्या पाठीमागील खोबणीत प्लॅस्टिकचे एक कडे बसविण्याची सोय असे. कडे असेल तरच यंत्र त्या फितीवर लिही. नसेल तर केवळ वाची. फितीचे संरक्षण करणारी वस्तू काढून टाकावयाची आणि धोका पत्करावयाचा असेल तेव्हा ती बसवावयाची, ही उफराटी वाटणारी योजना फार शहाणपणाची होती. कारण विसरभोळेपणाचा परिणाम माहिती पुसण्यात न होता लेखन न होण्यात होई.

तथापि चालकाने मुळात चुकीचेच रीळ आणले, तर कड्याचा उपयोग मर्यादित होता. रिळावर चिकटविलेला कागद माणसाला वाचता येई, यंत्राला नाही. म्हणून फितीच्या आरंभीच तिची ओळख चुंबकीय रूपात लिहून ठेवण्याची पद्धत पडली. सिस्टिम/३६० च्या प्रमाणित लेबलांत पहिली नोंद ८० अक्षरांची असते. तिच्या आरंभी ‘व्हॉल-१’ ही चार अक्षरांची खूण व तिच्यापाठोपाठ सहा अक्षरांचा खंड क्रमांक असतो. त्यानंतरच्या शीर्षनोंदीत संचिकेचे नाव, ती तयार केल्याची तारीख व तिची मुदत संपण्याची तारीख दिलेली असते. संचिका एका रिळात न मावल्यास शेवटी ‘खंड समाप्त’ आणि मावल्यास ‘संचिका समाप्त’ अशी निराळी नोंद होते. फीत चढताच संगणक खंड क्रमांक वाचून मागितलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो व तो न जुळल्यास फीत परत पाठवितो. अमेरिकेत या लेबलांचे राष्ट्रीय मानक ठरविण्यात आले व आंतरराष्ट्रीय मानकही झाले. सहा अक्षरांचा हा क्रमांक पुढील सर्व पिढ्यांना पुरला. रोमन लिपीतील २६ अक्षरे व १० अंक वापरल्यास त्यातून सु. २१७ कोटी निरनिराळे क्रमांक मिळतात.

अशा रीतीने प्रत्येक फितीला दोन ओळखी प्राप्त झाल्या : वरच्या कागदाची बाह्य ओळख आणि फितीवरील अंतर्गत ओळख. त्या जुळल्या पाहिजेत हा भांडाराचा पहिला नियम होय. ज्या फितींवर मुळीच लेबल नाही किंवा ज्यांचे लेबल न तपासता त्या वापरण्याची मुभा दिलेली आहे, त्यांच्या बाबतीत सारी भिस्त पुन्हा कागदावर आणि माणसाच्या नजरेवर येते. म्हणूनच ही मुभा सरसकट न देता मोजक्या चालकांपुरती मर्यादित ठेवण्याचा प्रघात पडला.

मुदतीची तारीख : फीत महाग असल्याने मुदत संपलेल्या फिती पुन्हा वापरात घेतल्या जात. कोणती फीत मोकळी झाली हे शीर्षनोंदीतील तारखेवरून ठरे. ही तारीख वर्षाचे शेवटचे दोन अंक व वर्षारंभापासूनचा दिवस अशा पाच अंकांत लिहिली जाई. जी माहिती कधीच पुसावयाची नाही, तिच्यासाठी अनेक कार्यालयांनी ९९३६५ ही तारीख लिहिण्याचा संकेत पाडला. कोठे कोठे ९९३६६ असेही लिहीत. १९९९ हे लीप वर्ष नसल्यामुळे असा दिवस अस्तित्वातच नव्हता, आणि नेमके म्हणूनच तो निर्धास्त वाटे. साठोत्तरी काळात ‘कधीही नाही’ या अर्थी वापरलेली ही संख्या शतक संपत आले तेव्हा मात्र शब्दशः ३१ डिसेंबर १९९९ हीच तारीख दाखवू लागली. कायम जतन करावयाच्या फिती एका रात्रीत मोकळ्या गणल्या जाण्याची ही आपत्ती टाळण्यासाठी संगणकाच्या आज्ञावलींत या संख्यांचा अर्थ ‘अमर्याद’ असाच धरण्याची तरतूद करावी लागली आणि अनेक ठिकाणी जुन्या नोंदी तपासाव्या लागल्या.

फेरवापराच्या या पद्धतीने केलेल्या हानीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अपोलो-११ मोहिमेचे आहे. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून आलेले मूळ दूरचित्र संकेत ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील ग्रहण केंद्रांवर एक इंच रुंदीच्या, चौदा मार्गांच्या दूरमापन फितींवर नोंदविण्यात आले होते. जगाने पाहिलेले चित्र त्या संकेतांचे रूपांतर करून प्रक्षेपित केलेले असल्यामुळे मुळापेक्षा निकृष्ट होते. मूळ फितींचा शोध पुढे अनेक वर्षे चालला. अखेर त्या इतर असंख्य दूरमापन फितींबरोबर पुसून पुन्हा वापरण्यात आल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००९ साली जाहीर केला. प्रक्षेपण यशस्वी झाल्यामुळे या फिती केवळ राखीव नोंद गणल्या गेल्या होत्या. त्या कोणाच्या निष्काळजीपणाने हरवल्या असे म्हणण्यापेक्षा, त्या ज्या वर्गात घातल्या गेल्या त्या वर्गाच्या नियमाप्रमाणेच त्या गेल्या, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

यांत्रिक भांडार : माणसाऐवजी यंत्राने फीत आणावी, असेही प्रयत्न झाले. आय. बी. एम. ने १९७४ साली जाहीर केलेल्या ३८५० या प्रणालीत मुठीत मावेल अशा नळकांड्यांत रुंद फीत गुंडाळलेली असे व ती नळकांडी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी खणांत ठेवलेली असत. प्रत्येकात सु. ५ कोटी बाइट माहिती मावे. ही प्रणाली महाग होती व तिचे नळकांडे इतर कोणत्याही यंत्रात चालत नसे. त्यामुळे तिची परंपरा निर्माण झाली नाही. खरा पाया घातला तो १९८४ साली आलेल्या ३४८० या यंत्राच्या चौकोनी पेटीने. रिळाऐवजी हातात सहज मावणाऱ्या या बंद पेटीत २० कोटी बाइट माहिती राहत असे. फितीचे टोक माणसाने ओवण्याची गरज उरली नव्हती आणि यंत्राला पकडण्यास सोपा असा सपाट आकार लाभला होता.

स्टोरेज टेक्नॉलॉजी या कोलोरॅडोतील कंपनीने १९८७ साली ४४०० ही प्रणाली बाजारात आणली. बारा बाजूंच्या कोठारवजा खोलीत सु. ६,००० पेट्या भिंतींलगतच्या खणांत उभ्या असत आणि मध्यभागी फिरणारा यांत्रिक हात काही सेकंदांत हवी ती पेटी काढून यंत्रात घाली. एका कोठाराची एकूण क्षमता सु. १·२ लक्ष कोटी बाइट होती. (२०२१ साली आलेल्या एलटीओ-९ जातीच्या एकाच पेटीत अशा पंधरा कोठारांतील माहिती मावते.) या हातावर एक कॅमेरा होता व पेटीच्या कडेवरील लेबल तो वाची. येथे एक मोठा पालट झाला. आतापर्यंत बाह्य ओळख माणसासाठी व अंतर्गत ओळख यंत्रासाठी होती. आता बाह्य ओळखही यंत्रच वाचू लागले. लेबलावर अक्षरांच्या जोडीला पट्ट्यांची सांकेतिक लिपी म्हणजे बारकोड आला.

माध्यमाची ओळख : आज रूढ असलेल्या एलटीओ जातीच्या पेट्यांवर कोड ३९ या नावाचा बारकोड छापतात. १९७४ साली तयार झालेल्या या संकेतात प्रत्येक अक्षर नऊ रेघांनी (काळ्या रेघा व त्यांमधील पांढऱ्या जागा मिळून) दर्शवितात व त्यांपैकी तीन रुंद असतात. लेबलावर आठ अक्षरे असतात. पहिली सहा म्हणजे जुना खंड क्रमांकच होय. शेवटची दोन माध्यमाची जात सांगतात : एल६ म्हणजे सहाव्या पिढीची पेटी, एल९ म्हणजे नवव्या पिढीची. एकदाच लिहिता येणाऱ्या, पुसता न येणाऱ्या पेट्यांसाठी अंकाऐवजी दुसरे अक्षर योजितात, उदा., नवव्या पिढीच्या अशा पेटीवर एलझेड असते. यंत्राचे शीर्ष साफ करणारी पेटी तिच्या क्रमांकाच्या आरंभीच्या अक्षरांवरून ओळखली जाते, म्हणजे तिच्यावर माहिती लिहिण्याचा प्रयत्न भांडार करीत नाही.

भांडाराची मांडणी करताना या आठ अक्षरांपैकी किती व कोणत्या क्रमाने संगणकाला कळवावयाची हे ठरवावे लागते. काही संगणक सहाच अक्षरे अपेक्षितात. काहींना सर्व आठ लागतात. जातीची दोन अक्षरे आधी किंवा नंतर देण्याचीही सोय काही भांडारांत असते. हा विकल्प क्षुल्लक वाटतो. परंतु हजारो फितींची सूची सहा अक्षरांनी तयार झाल्यावर तो बदलला, तर संगणकाच्या दृष्टीने एकही जुनी फीत भांडारात शिल्लक राहत नाही आणि सर्व खण अनोळखी फितींनी भरलेले दिसतात. फिती जागच्या जागीच असतात. बदललेली असते ती फक्त नावे. अशा वेळी त्या अनोळखी फिती कोऱ्या समजून वापरास मोकळ्या केल्या गेल्या, तर होणारे नुकसान भरून येत नाही. म्हणून हा निर्णय पहिली पेटी आत घालण्यापूर्वी घ्यावा व लेखी नोंदवून ठेवावा, हे उत्तम.

लेबल नुसते वर्णन करते असेही नाही; काही वेळा ते आज्ञा ठरते. २०१७ साली आलेल्या एलटीओ-८ यंत्रांत सातव्या पिढीची नवी, न वापरलेली पेटी ६ ऐवजी ९ लक्ष कोटी बाइट क्षमतेने सिद्ध करण्याची सोय होती. त्यासाठी तिच्यावर एल७ ऐवजी एम८ असे लेबल लावावे लागे. एकदा अशी सिद्ध केलेली पेटी सातव्या पिढीच्या यंत्राला वाचता येत नाही, नवव्या पिढीच्याही नाही. दोन अक्षरांच्या कागदाने पेटीचे पुढील सर्व आयुष्य एकाच पिढीच्या यंत्राशी बांधले जावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे आढळत नाही.

एलटीओच्या पहिल्या पिढीपासून (२०००) पेटीच्या कोपऱ्यात एक छोटी स्मृतिचकती बसविलेली असते. यंत्र ती रेडिओ तरंगांनी, स्पर्शावाचून वाचते. तीत पेटीचा अनुक्रमांक, जात, ती किती वेळा चढविली गेली व माहिती कोठवर लिहिली आहे यांची नोंद असते. त्यामुळे बाह्य लेबल, फितीवरील लेबल आणि चकती अशा तीन ओळखी झाल्या. त्यांच्यात विसंगती असल्यास प्रत्येकीचे राज्य निराळ्या क्षणी चालते : यांत्रिक हात कागदावर विश्वासून पेटी उचलतो, यंत्र चकती पाहून ती स्वीकारते अथवा नाकारते आणि संगणक फितीवरील क्रमांक वाचून अखेरचा निर्णय देतो.

विभाजन : मोठे भांडार एकाच संगणकासाठी असणे परवडत नाही. एकाच कपाटाचे अनेक स्वतंत्र भांडारांत विभाजन केले म्हणजे प्रत्येक संगणकाला आपला विभाग हेच संपूर्ण भांडार आहे असे भासते. प्रत्येक विभागाला ठराविक खण, एक वा अधिक वाचनयंत्रे व पेट्यांच्या देवाणघेवाणीचे काही खण नेमून देतात. यांत्रिक हात मात्र सर्वांचा समाईक असतो. शेजाऱ्याच्या विभागातील पेट्या संगणकाच्या यादीत येतच नसल्यामुळे त्या पुसण्याचीही भीती राहत नाही. रिळाच्या कड्याने जे एका फितीसाठी केले, तेच विभाजनाने हजारोंसाठी केले असे म्हणता येईल. निरनिराळ्या पिढ्यांच्या पेट्या, सांकेतिक कुलुपाखाली ठेवावयाची माहिती, चाचणीचे काम आणि नित्याचे काम यांची फारकत करण्यासाठीही विभागांचा उपयोग होतो.

पूर्वी विभागाची सीमा प्रत्यक्ष खणांवरून आखली जाई : अमुक खणापासून अमुक खणापर्यंतचे एका विभागाचे. एका विभागातील खण भरले व शेजारचे रिकामे पडले, तरी ती हलविण्यासाठी काम थांबवावे लागे. पुढे खणांचे क्रमांक आभासी करण्यात आले. विभागाला दिसणारा खण आणि कपाटातील खरा खण यांची सांगड भांडारातील नियंत्रकच घालतो व सीमा चालू कामातही बदलता येते. मात्र यामुळे नव्याने आत आलेली पेटी कोणत्या विभागाची, हे जागेवरून न ठरता नावावरून ठरविणे भाग पडले. त्यासाठी क्रमांकांचे पट्टे विभागांना वाटून देतात, उदा., विशिष्ट तीन अक्षरांनी सुरू होणाऱ्या पेट्या हिशेब विभागाच्या. यास्तव ओळख व विभाजन यांचा एकत्र विचार करावा लागतो. दोन विभागांनी आपापल्या फितींना एकसारखे क्रमांक दिलेले असतील, तर एकत्रित भांडारात त्यांची गाठ पडल्यावाचून राहत नाही. संस्थांचे विलीनीकरण होते तेव्हा ही अडचण हमखास उद्‌भवते आणि अंतर्गत लेबल बदलावयाचे तर साऱ्या फितींची पुन्हा नक्कल करण्याखेरीज गत्यंतर नसते.

विभाजनाचा दुसरा प्रकार खुद्द फितीवर होतो. २०१० साली आलेल्या पाचव्या पिढीपासून एलटीओ फितीचे लांबीभर समांतर असे दोन भाग करता येऊ लागले. त्याच वर्षी आय. बी. एम. ने सादर केलेल्या एलटीएफएस या रचनेत एका लहान भागात संचिकांची सूची व दुसऱ्यात प्रत्यक्ष माहिती ठेवतात. पूर्वी फितीवर काय आहे हे जाणण्यासाठी ती लिहिणाऱ्या आज्ञावलीची स्वतंत्र सूची लागे व ती सूची नष्ट झाल्यास सारी फीत आरंभापासून वाचावी लागे. या रचनेतील फीत स्वतःची सूची स्वतःच बाळगते. ही रचना २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मात्यांत तिचा झपाट्याने प्रसार झाला, कारण त्यांच्या फिती एका संस्थेकडून दुसरीकडे जातात आणि पाठविणाऱ्याची सूची घेणाऱ्याजवळ नसते.

सद्यःस्थिती : तबकड्या स्वस्त झाल्यावर फीत नामशेष होईल अशी भाकिते अनेकदा झाली. २०११ च्या फेब्रुवारीत गूगल कंपनीच्या जीमेल सेवेतील काही ग्राहकांचा पत्रसंग्रह आज्ञावलीतील दोषामुळे सर्व चालू प्रतींतून एकदम नाहीसा झाला, तेव्हा तो फितींवरून परत मिळविण्यात आला. त्या फिती संगणकाला सतत जोडलेल्या नसल्यामुळे दोष त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या आज्ञावलींचा सुळसुळाट झाल्यापासून या गुणाला पुन्हा महत्त्व आले. दहावी पिढी २०२५ साली ३० लक्ष कोटी बाइट क्षमतेने बाजारात आली. तिची यंत्रे आधीच्या कोणत्याही पिढीच्या पेट्या वाचत नाहीत. त्यामुळे एकाच भांडारात दोन पिढ्यांचे विभाग बराच काळ शेजारी शेजारी ठेवावे लागतात व लेबलावरील शेवटची दोन अक्षरे वाचून हात पेटी योग्य यंत्राकडे नेतो. सर्वांत मौल्यवान पेट्या मात्र भांडाराबाहेर, दूरच्या तिजोरीत ठेवतात. तेथे यांत्रिक हात नसतो. बोलावणे आले, की एक कर्मचारी नोंदवही उघडतो, पेटीवरील सहा अक्षरे डोळ्यांनी वाचतो आणि ती नोंदीशी ताडून पाहतो.